गाडी आली नाही, त्या दिवसाचं काय?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २६ वर्षांचा. कोपरखैरण्यात राहतो, गाव पाटणकडचं. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. कॉलेजात चार वर्षं एकांकिका केल्या, दोनदा अभिनयाचं बक्षीस मिळालं. गेल्या वर्षी घोडबंदर रोडला शूट होणाऱ्या एका मालिकेत नायकाच्या धाकट्या भावाचं काम लागलं. दिवसाला साडेतीन हजार, महिन्याला सरासरी चौदा दिवस. आठ महिने चाललं. मग गोष्टीत पाच वर्षांचा लीप आला आणि माझं पात्र 'शिकायला बंगळूरला' गेलं ते गेलंच. पाच महिने घरी आहे. ऑडिशन देतो, सेल्फ टेस्ट (घरीच स्वतः शूट केलेली ऑडिशन) पाठवतो, उत्तर येत नाही. बाइकचा हप्ता चालू आहे.

समोर तीन गोष्टी आहेत. एका व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंटसाठी, म्हणजे आधीच्या नटाच्या जागी, विचारलंय, दोन सीनचं काम, नाइट (एका प्रयोगाचं मानधन) अगदीच कमी. मित्र म्हणतात, रोज टीव्हीवर दिसलेल्या माणसानं रिप्लेसमेंट करू नये, भाव पडतो. दुसरं, ठाण्यात एक जण सहा महिन्यांचा कोर्स देतो, त्यानंतर 'लीड नक्की' म्हणतो, दीड लाख मागतो. आई दागिने मोडायला तयार आहे. तिसरं, बाबांच्या ओळखीनं मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहायची नोकरी, पहाटे पाच ते दुपारी एक. ती धरली तर सगळं संपलं असं वाटतं. बाबा म्हणतात, 'काम नसलेल्या नटाला बेकारच म्हणतात.' धरू की सोडू?

— एक वाचक, कोपरखैरणे

---

दीड लाखाचं आधी निकालात काढू, कारण त्यात आईचे दागिने आहेत.

आपल्या धंद्यात पैसा नटाच्या खिशातून वर जात नाही. कास्टिंग करणाऱ्याला त्याचे पैसे निर्मितीसंस्था देते. मध्ये को-ऑर्डिनेटर असेल तर तो तुझ्या मानधनातून कमिशन घेतो, तेही काम होऊन पैसे हातात आल्यावर. रजिस्ट्रेशन, कार्ड, 'फोटो आमच्याकडूनच काढा', नावं वेगवेगळी, पण आधी पैसे मागणारा माणूस आला की चहासुद्धा न पिता उठायचं. आणि लीड नक्की कसा? मालिकेचा लीड चॅनेल ठरवतं. लुक टेस्ट, मग मॉक शूट, मग सात-आठ माणसं बसून वाद घालतात. खुद्द निर्माता छातीठोकपणे सांगू शकत नाही ते या गृहस्थांना सहा महिने आधी ठाऊक आहे? शिकायची हौस असेल तर जरूर शिक. कलिन्याला मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे, घराजवळ हवं तर ठाण्यात अभिनय कट्टा आहे. यातलं कुणी लीड देतो म्हणत नाही, म्हणूनच त्यांची नावं सांगतेय.

झालं. आता मुद्द्याचं.

बाबांचं वाक्य तुला लागलंय, ते पत्रात दिसतं. पण मला विचारशील तर अख्ख्या घरात तुझा धंदा बाबांइतका कुणालाच कळत नसेल. माथाडीला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. टोळी असते, मुकादम असतो, आणि गाडी आली तर काम. गाडी आली नाही तर नाही. १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याआधी गोणी उतरवली, पैसे घेतले, विषय संपला. पाठ धरली तर ती ज्याची त्याची. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना संघटित केलं, ती लढाई बाबांनी तुला शंभरदा ऐकवली असेल. त्या कायद्यानं बोर्डं आली. व्यापारी मजुरी बोर्डात भरतो आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे वरची ठरावीक रक्कम, भरतो. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचे पैसे, औषधपाणी. गाडी आलेल्या दिवशीच न आलेल्या दिवसाची तरतूद होते.

नटाला बोर्ड नाही. टोळीही आपणच जमवायची, मुकादमही आपणच आणि लेव्हीही आपणच कापायची. तुझं नेमकं तेच राहून गेलंय. अभिनय कमी पडला असं मला तरी तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही.

हिशेब मांडू या. साडेतीन हजार गुणिले चौदा गुणिले आठ, म्हणजे ३ लाख ९२ हजार. त्यातून १० टक्के टीडीएस कापला असणार, ३९,२००. हातात ३ लाख ५२ हजार ८००. आणि मालिकेत पैसे येतात नव्वद दिवसांनी. म्हणजे पहिले तीन-चार महिने तू बाबांच्या पैशांनी ठाण्याला ये-जा केलीस, मग पहिला मोठा आकडा खात्यात पडला आणि पुढच्याच महिन्यात बाइक आली. बरोबर ना? मी ज्योतिषी नाही. मी सुद्धा पहिल्या पेमेंटमध्ये फ्रिज घेतला होता, दोन दारांचा, भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात मावेना म्हणून तो वर्षभर बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी उभा होता.

नव्वद दिवसांची आणखी एक गंमत आहे, ती पहिल्या मालिकेत कुणाच्या लक्षात येत नाही. काम थांबल्यावरही तीन महिने पैसे येत राहतात. माणूस म्हणतो, चाललंय की सगळं! तू पाच महिने घरी आहेस, पण खिसा रिकामा होऊन दोनच महिने झाले असतील. पहिले तीन महिने तू आरामात ऑडिशन निवडत बसलास आणि आता हप्त्याच्या तारखेला पोटात गोळा येतो. हा गोळा घेऊन ऑडिशनला उभं राहिलेला माणूस कॅमेऱ्यात लगेच दिसतो, बरं का. समोरच्याला कारण कळत नाही, फक्त 'जरा जास्त करतोय' एवढं वाटतं.

तेव्हा लेव्ही. यापुढे प्रत्येक पेमेंटमधला तिसरा हिस्सा दुसऱ्या खात्यात टाकायचा, त्या खात्याचं कार्डच घ्यायचं नाही. गेल्या वर्षी हे केलं असतंस तर १ लाख १७ हजार ६०० साठले असते. महिन्याला पंधरा हजार घरात दिलेस तरी पावणेआठ महिने. आठ महिने काम, जवळजवळ आठ महिने दम. आज तू मला पत्र लिहिलं नसतंस, लिहिलं असतंस तर भूमिकेबद्दल लिहिलं असतंस.

आणि ते ३९,२०० कुठे आहेत? सरकारकडे. तुझ्या एवढ्या उत्पन्नावर कर बसत नाही, पण रिटर्न भरल्याशिवाय रिफंड कुणी घरी आणून देत नाही. आयकराच्या पोर्टलवर तुझ्या पॅनखाली कापलेली रक्कम दिसते, बघ. निर्मात्यानं भरली आहे की नाही तेही तिथेच कळतं. ओळखीतल्या सीएला गाठ आणि मुदतीत रिटर्न भर. कितीतरी पोरं 'आपल्याला कुठे टॅक्स लागतो' म्हणत हे पैसे वर्षानुवर्षं सोडून देतात. तुझ्या बाइकचे दहा-बारा हप्ते आहेत ते.

पैशाचं चाललंच आहे तर माझंही सांगते. वीसेक वर्षांपूर्वी एका मालिकेत मी मोठी जाऊ होते. मालिका एका शुक्रवारी बंद झाली. आम्हाला गुरुवारी संध्याकाळी कळलं. माझे बावीस दिवसांचे पैसे बाकी होते. वर्षभर अंधेरीच्या त्या ऑफिसात खेटे घातले. शेवटच्या खेपेला दारावरची पाटीच नव्हती, वॉचमन म्हणाला, 'मॅडम, बसा, चहा घेता का?' करारपत्र नव्हतं माझ्याकडे, बोली झाली होती फोनवर. सिंटा ही कलाकारांची संघटना थकलेल्या पैशांची प्रकरणं हाती घेते, पण हातात कागद लागतो. तेव्हापासून पर्समध्ये वही असते: तारीख, कॉल टाइम, पॅकअप, सीन. तूही ठेव. करार आला की नव्वद दिवसांचं कलम, इतरत्र काम करण्यावर बंदी आहे का ते, आणि नाटकाच्या प्रयोगांच्या तारखा सोडतील का, एवढं तरी सही करण्याआधी वाच. इंग्रजीत असतं, कंटाळा येतो, तरी वाच.

आता रिप्लेसमेंट. तुझे मित्र काय करतात मला माहीत नाही, पण ते नाटकात नाहीत हे नक्की.

मी व्यावसायिक रंगभूमीवर आले तीच रिप्लेसमेंटमध्ये. मूळ बाईंना कावीळ झाली, सोमवारी फोन आला, शुक्रवारी रात्री ठाण्याच्या गडकरी रंगायतनला प्रयोग. तीन दिवस तालीम, चौथ्या दिवशी सेटवर फक्त एन्ट्र्या-एक्झिटा. संवाद पाठ होतात रे, पण कपाट उजवीकडे उघडतं की डावीकडे हे पाठ होत नाही. नवं शिवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांचंच ब्लाऊज मला घातलं. त्या माझ्या दीडपट. मेकअपच्या खोलीत एका मावशींनी पाठीमागून अकरा सेफ्टी पिना लावल्या, मोजून, कारण परत काढताना हिशेब लागायला हवा. दुसऱ्या अंकात नवऱ्याला सोडून निघायचा प्रसंग. मी वळले आणि चौथी की पाचवी पिन सुटून खांद्याच्या खाली रुतली. आवाज असा काही निघाला की बाल्कनीतून टाळी आली. विंगेत आल्यावर दिग्दर्शक म्हणाले, 'हे असंच ठेवा.' पुढचे चाळीस प्रयोग पिनेशिवाय तो आवाज काढायला मी धडपडत होते.

प्रयोग संपल्यावर मॅनेजरनं वही पुढे केली, सही घेतली आणि पाकीट दिलं. मालिकेच्या मानानं तुटपुंजं, पण त्याच रात्री. नव्वद दिवस नाहीत, टीआरपी नाही, लीप नाही. तलावपाळीवर उभं राहून आम्ही आइस्क्रीम खाल्लं आणि मी पाकीट उघडून दोनदा मोजलं.

पैशापेक्षा मोठी कमाई टोळीची. दौऱ्याच्या बसमध्ये रात्री दोन वाजता शेजारी बसलेला माणूस उद्या मालिका लिहीत असतो, परवा दिग्दर्शन करत असतो. प्रकाशयोजना करणारा पोरगा कुणाला तरी सांगतो, 'तो आहे ना, चार दिवसांत उभा राहतो.' रिप्लेसमेंटचा नट म्हणजे बिनबोभाट काम करणारा माणूस, आणि अशाच माणसाला दिग्दर्शक शोधत असतात. आठवून बघ, भावाचं काम तुला कसं मिळालं? ऑडिशन दिलीस, मान्य. पण तुझा नंबर त्या कास्टिंगवाल्याला कुणी दिला? एकांकिकेतलाच कुणीतरी असणार. एकांकिकांच्या रात्री नुसत्या करंडकासाठी नसतात. सवाई एकांकिका स्पर्धेच्या रात्री, २५ जानेवारीला, पहाटेपर्यंत जागणाऱ्या प्रेक्षकांत या धंद्यातली किती माणसं असतात ते कधी मागे वळून बघ. पाच महिन्यांत तू त्यांतल्या कितीजणांना भेटलास? कामासाठी म्हणत नाही. त्यांच्या प्रयोगाला गेलास का, तिकीट काढून? पास मागून नव्हे.

भाव पडण्याचं म्हणशील तर, घरी बसलेल्या नटाचा भाव सगळ्यात जलद पडतो.

राहिली नोकरी. ती धर.

हे वाचून तुझा चेहरा पडला असेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. ठाण्यात ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे ते काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पूर्ण वेळ रंगभूमीवर यायला त्यांना चाळिशी उलटावी लागली. निळूभाऊ फुल्यांनी पुण्यात माळीकाम केलंय. कांद्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिल्यानं कुणाची कला संपत नाही. आणि वाशीला ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, ते विष्णुदास भावे? १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते राजाश्रयावर. १८५१ मध्ये सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन गेले आणि आश्रय आटला. भाव्यांचंही पात्र एका अर्थी बंगळूरलाच गेलं म्हण की! मग खेळ घेऊन बाहेर पडले, १८५३ मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून प्रयोग केले. पहिल्या मराठी नाटककारालाच 'पैसे कुठून आणू' हा प्रश्न पडला होता, तर तुला पडला यात लाज कसली?

तुझ्या नोकरीची वेळ बघ. पहाटे पाच ते एक. मला कुणी अशी नोकरी दिली असती तर मी पाया पडले असते. तालमी संध्याकाळच्या. प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारचे. दुपारी दोनला घरी येऊन जेव, तासभर झोप आणि चारच्या उजेडात खिडकीकडे तोंड करून सेल्फ टेस्ट कर. ठाण्याला तालीम असेल तर कोपरखैरण्याहून लोकल आहेच, घोडबंदरच्या ट्रॅफिकपेक्षा बरी. फक्त एक कर: गाळेवाल्या शेठला पहिल्याच दिवशी सांग की मी नट आहे, शूटिंग लागलं तर पंधरा दिवस आधी सांगून सोडेन. आजी आजारी आहे असं खोटं सांगून सुट्ट्या घेऊ नकोस. मार्केटातल्या माणसांना टीव्हीचं कौतुक असतं. मला वाटतं शेठच चार जणांना सांगत सुटेल. आणि मालिका खरोखर आली, महिन्याला चौदा-पंधरा दिवस आणि करारावर सही झाली, तर सोड नोकरी. सहीआधी नाही. 'फायनल आहे, फक्त चॅनेलचं अप्रूव्हल बाकी' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला आता चालही लावून ठेवली आहे.

हिशेब लिहिता येणारा नट, ही फार दुर्मिळ जात आहे. पुढेमागे स्वतःचं नाटक काढावंसं वाटलं तर थिएटरचं भाडं, जाहिरात, बस, कपडेपट आणि बारा माणसांची पाकिटं यांची बेरीज तुला झोपेत जमेल.

सेल्फ टेस्टवरून आठवलं. सुरुवातीला नाव, उंची, राहणार कुठे हे सांगताना पोरं वृत्तनिवेदक होतात. नेहमी बोलतोस तसं बोल. साताऱ्याकडचा हेल असेल तर तोही ठेव, एका टेकमध्ये तरी. पुण्याकडची भाषा बोलणारे पुष्कळ आहेत. गॉगलचा फोटो प्रोफाइलमध्ये असेल तर आधी काढून टाक. डोळे बघायचे असतात त्यांना. फॉलोअर्स किती, असं हल्ली विचारतात, मलाही विचारलं होतं. माझे एकशे बारा आहेत, त्यांतले निम्मे नातेवाईक. यावर माझ्याकडे तोडगा नाही आणि त्यापायी तू रोज नाचावंस असंही मला वाटत नाही.

'धरू की सोडू' याचं उत्तर आज देऊ नकोस, कारण पाच महिने घरी बसलेल्या माणसानं घेतलेला निर्णय त्याचा नसतो, हप्त्याचा असतो. दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, ती वही उघड. वर्षात किती दिवस काम केलं, किती पैसे आले, नव्यानं किती माणसांनी बोलावलं आणि जुन्यांपैकी किती जणांनी परत बोलावलं. हा शेवटचा आकडा मी सगळ्यात आधी बघते. एकदा काम मिळणं नशिबावर असतं, दुसऱ्यांदा त्याच माणसाकडून येणं तुझ्या वागण्यावर. सलग तीन वर्षं हे आकडे खाली गेले तर मला पुन्हा लिही, आपण तेव्हा सोडण्याबद्दल बोलू. तेही नीट, न रडता.

आज करायचं एवढंच: नाटकाच्या मॅनेजरला संध्याकाळच्या आत फोन कर. रिप्लेसमेंटची जागा चार दिवससुद्धा थांबत नाही, पत्र पोचून हे छापून येईपर्यंत ती गेली असली तरी फोन कर, पुढच्या वेळी नाव आठवेल. नाइट किती, म्हणून घासाघीस करू नकोस. दौऱ्यात राहण्या-जेवणाचं काय आणि प्रयोग रद्द झाला तर काय, हे मात्र विचार.

ता. क. – नाटक वाशीला भावेला लागेलच. रविवारी मार्केटला सुट्टी असेल तेव्हा बाबांना घेऊन ये. पहिल्या रांगेत बसवू नकोस, मान वर करून बघावं लागतं आणि पाठीवर गोण्या वाहिलेल्या माणसाला ते जड जाईल. सातवी-आठवी रांग बरी, कडेची खुर्ची दे. मध्यंतरात बटाटेवडा त्यांनाच घेऊ दे, पैसे तू काढू नकोस.